अंगणातली सदाफुली : ताण, निचरा आणि वाफसा



साहित्याच्या व्याख्यानमालेत फुलझाडाचा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण मी आज जे तीन शब्द तुमच्यापुढे ठेवणार आहे ते आपल्याच भाषेतले आणि आपल्याच शेतातले आहेत : ताण, निचरा आणि वाफसा. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे शब्द शिकवावे लागत नाहीत. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून बागेला ताण द्यायचा, मृग बहार हवा असेल तर एप्रिल-मेमध्ये द्यायचा. भारी जमिनीत ताण लांबवायचा, हलक्या जमिनीत लवकर आवरता घ्यायचा. हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मात्र शेतातून घरी आलो की हे सगळे ज्ञान आपण फाटकाबाहेर ठेवतो. अंगणातल्या फुलझाडांवर सकाळ-संध्याकाळ पाइप धरतो, आणि झाड मेले की म्हणतो, "आपल्याकडचं ऊनच वाईट."

ऊन वाईट नसते. झाडाची निवड चुकते आणि पाण्याची रीत चुकते. उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागतो, नळ एक दिवसाआड येतो, आणि घरातली बाई भांड्यांना पाणी पुरवायचे की मोगऱ्याला, या पेचात पडते. अशा घरांतून फुलबाग हळूहळू नाहीशी झाली आहे. अंगणात फरशी आली, तुळशीवृंदावन एका कोपऱ्यात गेले. मला एवढेच सांगायचे आहे की, फुलबाग मोडायचे कारण नाही. कमी पाण्यात बारा महिने फुलणारे झाड आपल्या दाराशीच आहे. त्याला काय द्यावे, काय देऊ नये आणि त्याच्याकडून काय मागू नये, या तीन गोष्टी कळल्या की झाले.

नाव आणि घराणे

मराठीत ती सदाफुली. भिंतीपलीकडच्या हिंदी घरात तीच सदाबहार किंवा सदासुहागन. आपल्या गावांत असे नेहमीच असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेरमांडणी झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. शाळेची आणि कचेरीची भाषा बदलत गेली, पण परसातल्या झाडांची नावे आजीने जशी सांगितली तशीच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तेव्हाही या नावांना कोणी हात लावला नाही.

नाव इतके घरचे, पण झाड मात्र बाहेरून आलेले आहे. सदाफुलीचे मूळ घर आफ्रिकेच्या पूर्वेला असलेले मादागास्कर बेट. अठराव्या शतकात तिचे बी युरोपातल्या राजबागांत पोचले. १७५९ मध्ये लिनियस या शास्त्रज्ञाने तिला 'विंका रोझिया' असे नाव दिले. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज डॉन याने तिला विंकापासून वेगळे काढले आणि 'कॅथरँथस रोझियस' हे आज चालणारे नाव दिले. त्यातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ निर्मळ फूल असा होतो. जुने नाव औषधांच्या नावांत मात्र टिकून आहे, ते पुढे येईलच.

कुळ म्हणाल तर ती कण्हेर, तगर, चाफा आणि रुई यांच्या गोतातली. या गोताचा सामान्य स्वभाव असा की, अंगात चीक आणि चव कडू. म्हणून गावातली बकरी सदाफुलीला तोंड लावत नाही. ज्यांच्या अंगणाला फाटक नाही त्यांना ही गोष्ट किती मोलाची आहे हे सांगायला नको. एक पाहुणा मात्र येतो. कण्हेरीवर दिसणारी जाड हिरवी अळी, जिच्या मानेजवळ डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात, ती कधीकधी सदाफुलीवरही चरते. तिचा पुढे सुंदर हिरवा पतंग होतो. दोन-चार फांद्या तिला खाऊ दिल्या तर झाडाचे काही बिघडत नाही.

सदाफुलीची एक धाकटी देशी बहीणही आहे. तिचे नाव कॅथरँथस पुसिलस. ती भारतात आणि श्रीलंकेत आढळते. चणीने लहान, फूल बारीक आणि पांढरे, आयुष्य एकाच हंगामाचे. शेतातले तण म्हणून ती उपटली जाते. आपण अंगणात लावतो ती सदाफुली मात्र बहुवर्षायू, म्हणजे एकदा लावली की काही वर्षे टिकणारी आहे. तिचे जुने रंग तीन : गुलाबी, निखळ पांढरा, आणि मध्ये लाल टिकली असलेला पांढरा.

ती ऊन कसे सोसते

मे महिन्यात दुपारी दोन वाजता सदाफुलीकडे नीट पाहा. पाने मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी वर वळलेली दिसतील, वहीचे पान अर्धवट मिटावे तशी. झाड कोमेजले असे वाटून आपण धावत पाणी आणतो. पण झाड कोमेजलेले नसते. उन्हापुढचा पृष्ठभाग कमी करून ते अंगातले पाणी वाचवत असते. संध्याकाळी उन्हे उतरली की तीच पाने पुन्हा उघडतात. म्हणून पाण्याची गरज दुपारी ठरवू नका, सकाळी ठरवा. सकाळी सातलाही पाने मिटलेलीच असतील, तर खरोखर पाणी हवे आहे.

पानाचा वरचा भाग चकचकीत असतो. त्यावर मेणासारखा थर असतो आणि त्यामुळे पाणी उडून जाण्याचे प्रमाण कमी होते. मूळ सोटमूळ असते, ते खाली उतरते आणि वरची माती भाजून निघाली तरी खालची ओल धरते. भिंतीच्या फटीत, पायरीच्या कडेला, जिथे पेलाभर माती नाही तिथे सदाफुली उगवलेली आपण पाहतो. तिच्या फुलामागे दोन बारीक जोडशेंगा धरतात. त्या वाळून फुटल्या की बारीक काळे बी सांडते. काही मुंग्या नेतात, काही पावसाच्या ओहोळाबरोबर जाते.

इथे संत्र्याच्या बागेतला आपला पहिला शब्द येतो, ताण. संत्र्याला ताण दिला की झाड पानांची वाढ थांबवते आणि ताण तोडल्यावर फुलावर येते. सदाफुलीला फुलण्यासाठी मुद्दाम ताण द्यावा लागत नाही, पण ताण पडला म्हणून ती फुलणे सोडतही नाही. फुले थोडी लहान होतात, इतकेच. उलट शेणखत आणि पाणी भरपूर मिळाले, तर पानेच पाने येतात आणि फुले हटतात. लाडावलेल्या संत्र्याचेही असेच होते, हे शेतकऱ्याला माहीत आहे.

मग ती मरते कशाने

सौंसरला माझ्या मावशीच्या ओट्याला लागून सदाफुलीची रांग होती. एका वर्षी घरात बोअर झाली, पाणी मुबलक झाले आणि मावशीने हौसेने रोज दोन वेळा पाणी घालायला सुरुवात केली. श्रावण संपायच्या आत सगळी रांग गेली. आधी शेंडे माना टाकू लागले, मग बुंधा जमिनीजवळ काळा पडला, आणि उपटले तेव्हा मुळांची साल हातात निघून आली. मावशीला वाटले, कोणाची तरी दृष्ट लागली.

कारण होते दुसऱ्या शब्दात, निचऱ्यात. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या पोकळ्या असतात, त्यांत थोडे पाणी आणि थोडी हवा असली तर मूळ जगते. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते. गुदमरलेल्या मुळावर फायटोप्थोरा नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव चढतो. त्याची बीजे पाण्यात पोहत एका मुळापासून दुसऱ्या मुळापर्यंत जातात. हे नाव नवे वाटले तरी शत्रू जुना आहे. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागतो, ज्याला आपण डिंक्या म्हणतो आणि ज्यासाठी खोडाला बोर्डो पेस्ट लावतो, तो रोग याच फायटोप्थोराचा. बागेत आपण पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळे करतो, आणि अंगणात सदाफुलीच्या बुंध्याशी पाण्याचे डबके करतो.

तिसरा शब्द वाफसा. पाऊस पडून गेल्यावर माती चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, मूठ वळली तर वळते आणि बोटाने दाबली तर फुटते, ती अवस्था म्हणजे वाफसा. वाफसा आल्याशिवाय शेतकरी शेतात पाऊल टाकत नाही. सदाफुलीचे सगळे पाणी-शास्त्र या एका शब्दात बसते. वाफसा उडून माती दोन बोटे खोल कोरडी झाली की पाणी द्या, तोवर नको.

लावावी कशी

जागा निवडताना ऊन पाहा. दक्षिणेची किंवा पश्चिमेची भिंत, जिथे दुसरे काही तग धरत नाही, ती हिची जागा. निदान सहा तास ऊन हवे. सावलीत ती लांबुडकी होते आणि फुलत नाही.

आपल्याकडे दोन तऱ्हेची जमीन आहे. बरड, मुरमाड जमीन असेल तर सदाफुलीला काही करावे लागत नाही. खड्ड्यात घमेलेभर मातीत ओंजळभर कुजलेले शेणखत घातले की पुरे. काळी भारी जमीन असेल तर मात्र सरी-वरंब्याची आठवण ठेवा. वीतभर उंच वरंबा करा, त्यात मुरूम किंवा जाड रेती मिसळा आणि झाड वरंब्यावर लावा, सरीत नव्हे. दोन झाडांत फूटभर अंतर ठेवा, म्हणजे वारा खेळता राहील.

बी पेरायचे तर मृगाच्या आधी तीन-चार आठवडे पेरा. या बियाला उगवताना अंधार लागतो, म्हणून ते नुसते वर भुरभुरू नका. पाव इंच माती चाळून वर घाला आणि उगवेपर्यंत वर ओले पोते झाका. ऊब असली तर साधारण आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो. दिसला की पोते लगेच काढा. रोप बोटभर उंच, चार-सहा पानांचे असतानाच कायमच्या जागी हलवा. सोटमूळ खोल गेल्यावर हलवले तर झाड रुसते. फांदीचे तुकडे लावूनही रोप होते, पण बियाचे झाड मुळाने अधिक घट्ट असते.

रोपवाटिकेतून मोठ्या फुलांची संकरित रोपे आणाल, तर एक काळजी घ्या. त्यांची मुळे बहुधा नारळाच्या भुशात असतात आणि भुसा पाणी धरून ठेवतो. लावताना बाहेरचा भुसा हलक्या हाताने झाडून टाका. या झाडांच्या बियांपासून तसेच फूल येईल असे समजू नका. जुनी गुलाबी आणि पांढरी सदाफुली मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपल्यासारखीच लेकरे देते.

पाण्याचे वेळापत्रक असे ठेवा. पहिला महिना मुळे धरेपर्यंत दोन दिवसांआड. त्यानंतर जमिनीतल्या झाडाला हिवाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा आणि कडक उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा तांब्या-दोन तांब्ये खूप झाले. पावसाळ्यात काही नाही. कुंडीतली माती लवकर तापते, म्हणून उन्हाळ्यात कुंडीला एक-दोन दिवसांआड पाणी लागेल. तेलाचा पिपा किंवा डबा वापरत असाल तर तळाला चार-पाच भोके आणि त्यावर खापराचे तुकडे हवेतच.

दोन जागा टाळा. एक, तुळशीवृंदावन. तुळशीला रोज पाणी घालायचा आपला रिवाज आहे, आणि त्याच मातीत लावलेली सदाफुली त्या रोजच्या पाण्याने कुजते. दुसरी, न्हाणीच्या मोरीची कड. सांदवाडीत मोरीपाशी आपल्या आजीने केळ, अळू आणि कर्दळ लावली होती, ती उगाच नव्हे. ओल मागणाऱ्यांना ओल आणि कोरडे राहणाऱ्यांना कोरडे, अशी तिची वाटणी होती. तीच आजही बरोबर आहे.

छाटणी वर्षातून एकदा, थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत. तिसरा हिस्सा उंची कापा. फूल नव्या फुटीवर येते, म्हणून आठ-दहा दिवस झाड बोडके दिसले तरी घाबरू नका. वाळलेली फुले खुडत बसायची गरज नाही, ती आपण होऊन गळतात. दोन-तीन वर्षांत बुंधा लाकडासारखा होतो आणि फुले फक्त शेंड्याला राहतात. तेव्हा त्याच्याच पायाशी उगवलेल्या रोपांतले एक राखा आणि जुने काढा.

एक रोग ओळखता आला पाहिजे. पाने अचानक अगदी बारीक होतात, गुच्छासारखी दाटतात आणि फुले हिरवी पडून पानांसारखी दिसू लागतात. तीळ पेरणाऱ्यांनी तिळावर असे पाहिले असेल. हा रोग तुडतुडे पसरवतात आणि त्यावर घरगुती इलाज नाही. झाड मुळासकट उपटून पुरा किंवा जाळा. जीव तुटतो, पण एक ठेवले तर दहा जातात.

तिच्याकडून काय मागू नये

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो.

माझ्या वडिलांना साठीनंतर साखरेचा आजार निघाला. चौकात कोणीतरी सांगितले की, रोज सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने चावून खा, गोळ्या सुटतील. झाड दारात होतेच. वडिलांनी पाने सुरू केली आणि आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. मला थोडेफार कळत होते, पण पाने तर आहेत, काय बिघडणार, असे म्हणून मी गप्प बसलो. तीन महिन्यांत त्यांना मळमळ आणि अशक्तपणा येऊ लागला. पायाच्या बोटाला ठेच लागून झालेली जखम भरेना. नागपूरला नेले तेव्हा साखर फार वाढलेली होती. बोट कापावे लागले. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या कधी सोडल्या?" तेव्हा वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

सदाफुलीत औषध नाही असे मी म्हणत नाही. आहे, आणि ते फार मोठे आहे. १९५२ मध्ये कॅनडातल्या क्लार्क नोबल या डॉक्टरांकडे जमैकाहून एका रुग्णाने ही पाने पाठवली. तिथेही लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. त्यांनी पाने आपले भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात उंदरांना काढा पाजून पाहिला, तर साखर काही विशेष उतरली नाही. पण अर्क टोचला तेव्हा उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. शोध घेता दिसले की, रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होत होत्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो आजार रक्ताचा कर्करोग. मग याच गोष्टीचा औषध म्हणून उपयोग होईल का, असा प्रश्न उभा राहिला. नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये विनब्लास्टिन वेगळे काढले. अमेरिकेतल्या एली लिली कंपनीतही याच झाडावर काम चालले होते. तिथून विनक्रिस्टिन आले आणि १९६३ मध्ये त्याला वापराची परवानगी मिळाली. 'विन' हे अक्षर जुन्या विंका नावाचे. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही इतर औषधांच्या जोडीने दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ही दोन्ही आहेत.

पण हे औषध आणि तुमच्या अंगणातले पान यांत फार अंतर आहे. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ग्रॅमभर औषध निघते. ते शुद्ध करून, मिलिग्रॅममध्ये मोजून, फक्त शिरेतून आणि रक्ताची तपासणी करत देतात. पानात त्याच्याबरोबर इतर कितीतरी द्रव्ये असतात आणि त्यांचे प्रमाण पानापानाला बदलते. झाडाला पाण्याचा ताण पडला की काही द्रव्ये वाढतात, असेही प्रयोगांत दिसले आहे. म्हणजे पावसाळ्यातली पाच पाने आणि वैशाखातली पाच पाने एक नव्हेत. कोणते पान किती, हे चौकातला माणूस सांगू शकत नाही, आणि विज्ञानाचा शिक्षकही सांगू शकत नाही. म्हणून पान खाऊ नका, काढा घेऊ नका, लहान मुलांना शेंगा चघळू देऊ नका. आणि घरातल्या वडीलधाऱ्याने गोळी सोडली असे कळले तर मानापमान बाजूला ठेवून त्याच दिवशी बोला.

सोबतीची झाडे

एकट्या सदाफुलीने बाग होत नाही. तिच्या मागे पिवळी कोरांटी लावा. ती काटेरी आहे, कुंपणाचे काम करते आणि पावसाळा सरल्यावर फुलते. गुलबाक्षी जमिनीखाली गाठ ठेवते, उन्हाळ्यात वरून वाळली तरी पावसाबरोबर परत येते, आणि तिची फुले संध्याकाळी उमलतात. तारेवर गोकर्ण चढवा. चौघींना मिळून एका मोगऱ्याच्या वाफ्याइतके पाणी पुरते. सकाळी सदाफुली आणि गोकर्ण, संध्याकाळी गुलबाक्षी, दसरा-दिवाळीला कोरांटी. पूजेची परडी वर्षभर रिकामी राहत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात जो पळस रोवला जातो, तोही याच कोरड्या मुलखातला. फाल्गुनात, इतर झाडे उघडी पडलेली असताना तो फुलतो. आपला मुलूख फुलांना पारखा नाही. फक्त इथली झाडे पाण्यापेक्षा समज अधिक मागतात.

वडील त्यानंतर नऊ वर्षे होते. सदाफुली त्यांनी काढू दिली नाही. "तिची काय चूक?" म्हणायचे. काठी टेकत सकाळी अंगणात यायचे, माती बोटाने दाबून पाहायचे आणि आतल्या खोलीकडे पाहून सांगायचे, "आज नको पाणी. वाफसा आहे."